धुण्याच्या खोलीत सापडलेलं

टोपण काढलं आणि गेबहार्ड वाइडलेचे हात थबकले. आत एकही जादा स्क्रू नव्हता.

तळघरातल्या टेबलावर त्याने दिवा जवळ ओढला. मुठीत मावेल एवढा अक्रोडाच्या लाकडाचा ठोकळा, त्यात बसवलेली स्टीलची नळी, चिनीमातीची बोराएवढी वाटी आणि एकच बटण. वाटीत पाला भरायचा, बटण दाबायचं. पाला जळत नाही, नुसता तापतो. नळीतून धूर नाही, वाफ येते. टोपण लोहचुंबकाने बसत होतं, हलकेच ‘टक्’ करून. एक्केचाळीस वर्षं त्याने शस्त्रक्रियेचे चिमटे घडवले होते. कुठे केसभर फट राहिली तरी त्याच्या नखाला कळायची. इथे नख अडकायला जागा नव्हती.

“ज्याने केलंय,” तो पुटपुटला, “त्याला काम येतं.”

मग आपण इथे कशाला बसलोय ते त्याला आठवलं. बस डेपोचा नंबर शेजारी कागदावर लिहून ठेवलेला होता.

सकाळी हे यंत्र त्याला धुण्याच्या खोलीत, साबणाच्या खोक्यामागे सापडलं होतं. वासावरून लगेच कळलं, गांजा. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण यास्ना झोरिच तेव्हाच बसवरची पहाटेची पाळी संपवून जिना चढत होती. शेजारची दोन बिऱ्हाडं दारात उभी असताना त्याने तिला अडवलं.

“हे तुमचं?”

यास्नाने यंत्राकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून मागे, काठी टेकून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे.

“माझंच आहे, वाइडलेसाहेब.”

“चांगल्या माणसांचं घर आहे हे. महिनाअखेर खोली रिकामी करा. आणि असल्या बाईच्या हाती बस दिलीय, हे डेपोलाही कळू दे.”

आता दिव्याखाली त्याला बटणाभोवती गुंडाळलेली लोकर दिसली. राखाडी-हिरवी, घट्ट, टोक आत खोवलेलं. एवढ्या सुबक वस्तूला हे कसलं ठिगळ, म्हणून तो सोडवायला निघाला. सहज अंगठा टेकवून पाहिला. अंगठा घसरत नव्हता. बोटांत जोर नसलेलं माणूसच असं काही करील. बस चालवणारी कशाला करील?

त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. बायकोने पूर्वी विणलेले मोजे त्याच लोकरीचे होते.

जिन्यावर काठी वाजली. त्याची बायको रोजविता एकेक पायरी उतरत होती. तो मदतीला उठला नाही. उठायचं त्याला सुचलंच नाही.

“फोन केलास?” तिने खाली येऊन विचारलं.

“नाही.”

ती सफरचंदांच्या रिकाम्या पेटीवर बसली. “डॉक्टरांनी लिहून दिलंय. औषधांच्या दुकानातून आणते. पाय आखडले की त्यानेच सुटतात.”

“मला का नाही सांगितलंस?”

“टीव्हीवर गांजा औषध म्हणून घेणारे रुग्ण दाखवले, तेव्हा तू काय म्हणालास? नशेडी आहेत, दुखण्याची सोंगं करतात. वर हसलास. मी शेजारीच बसले होते, पायांवर पांघरूण घेऊन.”

त्याला ते हसू आठवलं. चांगलं मोठ्याने हसला होता.

“आणि सकाळी?” तो म्हणाला. “ती तुझ्यासाठी खोटं बोलली आणि तू गप्प उभी राहिलीस?”

“राहिले. त्याची लाज माझी मला आहे. तुझी तू बघ.”

त्याने टोपण लावलं, यंत्र तिच्या मांडीवर ठेवलं आणि वर गेला. जिन्यात शेजारीण भेटली. “बरं केलंत हो सकाळी,” ती म्हणाली. त्याने मान खाली घातली आणि पायऱ्या चढत राहिला.

यास्नाचं दार उघडंच होतं. जमिनीवर बसून ती बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“महिना संपायला अजून अकरा दिवस आहेत, वाइडलेसाहेब.”

“जाऊ नका.” तो दारातच उभा राहिला. “फोन केलेला नाही. जिन्यात सगळ्यांसमोर बोललो, आता माफीही सगळ्यांसमोरच मागतो. म्हणाल तर आत्ता सगळ्यांना हाका मारतो.”

“नका मारू. मग ते कुणाचं हेही सांगावं लागेल.”

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हाक मारायला उचललेला हात त्याने खिशात घातला.

“मी जाणारच आहे,” यास्ना म्हणाली. “बहिणीच्या गल्लीत खोली बघितलीय. रोज तुमच्या दारावरून जिना चढायचा, ते आता नको. पण एक सांगा. ती वाटी एवढीशी, त्यांच्या बोटांनी भरली जात नाही. पाळी संपली की मी भरून द्यायचे. आता कोण देणार?”

“मी देईन.” तो घाईने म्हणाला. “हे बघा, हात अजून जरासुद्धा कापत नाहीत माझे.”

त्याने दोन्ही हात पुढे धरले. यास्नाने ते नीट पाहिले.

“हात चांगले आहेत हो तुमचे,” ती म्हणाली. “पण तुमच्यासमोर घेतील का त्या?”

त्याने हात खाली घेतले. यास्नाने पुढची बशी उचलली.