हलकी काडतुसं

हॅल्वर टोलेफसनच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. जूनमध्ये लग्न झालं, जुलैत हॅल्वर गवताच्या गाडीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा मोडला. शिकारीचे दिवस तोंडावर आले तेव्हा त्याची बायको व्हर्ना दिराच्या शेडमध्ये आली.

दीर, म्हणजे आर्न, दोघा भावांच्या बंदुकांची काडतुसं घरीच भरायचा. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन त्याने फळीवर उभ्या केल्या होत्या आणि काट्यावर बंदुकीची दारू तोलत होता.

"रविवारी तो बंदूक उडवून खांदा अजमावणार आहे," व्हर्ना म्हणाली. "जमलं नाही तर बंदूक जावयाला देऊन टाकतो म्हणतोय."

"देऊ दे की. साठी उलटली त्याची."

"आणि मग? जुलैपासून खिडकीशी बसलाय. कुत्र्याशीसुद्धा बोलत नाही. असा बसून बसून मरेल रे तो. हलकी भर ना त्याची, खांद्याला धक्का कमी बसेल. कुणाला कळणार आहे?"

"त्यालाच कळेल. काडतूस कानाशी हलवून बघायची खोड आहे त्याला. दारू कमी असली की आत खुळखुळते."

व्हर्ना दाराला टेकून उभी राहिली. गेली नाही.

आर्नने काट्यावरची अर्धी दारू डब्यात परत ओतली. उरलेली पुंगळीत टाकली, वर कापसाचा बोळा दाबला. चपट्या तोंडाची जाड गोळी बसवून यंत्राचा दांडा ओढला. काडतूस कानाशी धरून हलवलं. आवाज आला नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर हॅल्वर अंगातला चांगला कोटही न काढता कोठारामागे गेला. आर्नच्या हातातून काडतुसं घेऊन त्यातलं एक त्याने कानाशी हलवलं.

"चांगलं ठासलंयस की. मला मारायचा विचार आहे का?"

"मरायचं नसेल तर जा आत, बस खिडकीत."

हॅल्वरने ओठ आवळले आणि कुंपणावर ठेवलेल्या भोपळ्यावर नेम धरला. ती जुनी बंदूक घोड्याच्या लाथेसारखी बसायची. बार झाला, भोपळा फुटला. हॅल्वर डोळे मिटून तसाच उभा राहिला, कळ येण्याची वाट बघत. मग त्याने बंदुकीचा खालचा दांडा झटक्यात ओढला, पुन्हा बार काढला. पुन्हा एकदा.

"व्हर्ना! ए व्हर्ना, बाहेर ये! खांदा बरा झाला माझा!" त्याने बाहीने डोळे पुसले. "जावयाला म्हणावं, तू आपला मासे धरत बस. यंदा मी वरच्या खिंडीत जाणार. एकटा."

आर्नने तोंड उघडलं. अर्ध्या दारूची ही गोळी कुंपणापर्यंत सरळ जाते. खिंडीच्या या कडेवरून त्या कडेवर मारली तर इतकी खाली पडेल, की छातीवर धरलेला नेम पायावर बसेल.

"जवळूनच मार," तो म्हणाला. "लांबून नको."

"बघा, कोण शिकवतंय! अरे, पँटची बटणं लावायला मी शिकवलं तुला."

व्हर्ना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. एप्रन तोंडाशी धरून हसत होती. ती आर्नकडे बघून मान डोलवत होती, पुन्हा पुन्हा. आर्न खाली वाकला आणि गवतात पडलेल्या पुंगळ्या वेचू लागला.

मोंटानात त्या साली बर्फ लवकर पडला. हॅल्वर ठरल्या दिवशी परतला नाही, म्हणून माणसं शोधायला गेली. खिंडीच्या अलीकडच्या कडेवर त्यांना त्याची पुंगळी सापडली. पलीकडच्या उतारावर रक्ताचे थेंब होते, आणि तीन पायांवर पळणाऱ्या एल्क हरणाचा माग. त्याच्या शेजारून बुटांचा माग गेला होता. जखमी जनावर टाकून घरी यायचं नाही, असा आमच्या खोऱ्यातला रिवाज आहे. दोन्ही माग झाडीत शिरून वर वर चढत गेले होते.

आर्न सगळ्यांच्या पुढे चालत होता. बुटांचा माग मागे वळलेला कुठे दिसतो का, ते बघत होता. माग कुठेच वळला नव्हता.

हॅल्वर टोलेफसन त्या वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बर्फात गारठून वारला. एल्क सापडला नाही.