ढिगावरचा दगड

ईवरने उचललेला दगड गारगोटीचा होता, पांढराशुभ्र, मुठीएवढा.

"नवरीसाठी निवडलास काय रे?" सोबतच्या फिंगनने विचारलं.

सगळे हसले. ईवरचे कान लाल झाले, पण त्याने तोच दगड ढिगावर ठेवला.

आर्डल कुळाची ही जुनी रीत. लढाईला निघताना प्रत्येकाने ढिगावर एक दगड ठेवायचा आणि परतल्यावर आपला आपण उचलून न्यायचा. उरतात ते मेलेल्यांचे.

त्याचा बाप तोरमोद याने आपला दगड पोराच्या दगडाला टेकवून ठेवला आणि खांद्यावरचं धनुष्य सावरलं. अख्ख्या खोऱ्यात त्याच्यासारखा तिरंदाज नव्हता. हे लोक म्हणत, आणि लोक विसरले तर तो स्वतःच आठवण करून देई.

भांडण लोननच्या कुरणाचं होतं. आर्डलवाले म्हणत, आमच्या आजोबांनी तिथे झोपड्या बांधल्या. तोरिनवाले म्हणत, आमच्या आजोबांनी त्या जाळल्या. दोन्ही खरं होतं. उन्हाळ्यात तिथलं गवत खाऊन गाई चांगलं दूध देत, आणि त्या दुधापायी दोन्हीकडची चांगली पोरं मातीत जात.

ईवरची आई बेहाग घाईघाईने आली. तिचा घागरा गुडघ्यापर्यंत भिजला होता.

"सकाळपासून होतीस कुठे?" तोरमोदने विचारलं.

"दलदलीत. उशीत भरायला कापूस-गवत हवं होतं."

"आज? लढाईच्या दिवशी उशी?"

"लेक दमून येईल. डोकं टेकायला नको त्याला?"

तिने आपल्या हाताने ईवरच्या डोक्यावर टोपी चढवली आणि तिच्यात जुनिपरची हिरवी डहाळी खोचली. ही आर्डलची खूण. तोरिनवाले टोपीत दलदलीतल्या कापूस-गवताचा पांढरा तुरा लावत. बाकी दोघांचे कपडे सारखे, बोली सारखी, शिव्यासुद्धा त्याच. आपला कोण, परका कोण, ते टोपीवरूनच कळायचं.

"टोपीकडे बघायचं, तोंडाकडे नाही," तोरमोद पोराला म्हणाला. "तोंड बघत बसलास तर हात उचलणार नाही तुझा."

बेहाग ईवरच्या कानात काहीतरी कुजबुजली. त्याने मान झटकली. तिने त्याचा दंड घट्ट धरला, तेव्हा कुठे त्याने हो म्हटलं.

"काय म्हणाली रे?"

"पाय कोरडे ठेव म्हणाली, बा."

मग बेहाग नवऱ्यासमोर उभी राहिली. "ते कुरण गेलं खड्ड्यात. मला हा परत हवाय."

"आणतो," तोरमोद म्हणाला. त्याने तो शब्द मनापासून दिला होता.

कुरणावर धुकं इतकं दाट होतं की पाच हातांवरचा माणूस दिसेना. आरोळी उठली आणि पोरं पुढे धावली. ईवरही धावला. बापाने हाक मारेपर्यंत तो धुक्यात गेलासुद्धा. त्यांच्यामागे तोरिनवाल्यांची फळी आडवी आली आणि पुढे गेलेली पोरं पलीकडेच अडकली.

तोरमोदला तलवार घेऊन आत घुसायचं होतं, पण सरदाराने त्याला खडकावरच उभं केलं होतं. तो बाण चढवून वाट पाहत राहिला. मग धुकं थोडं विरलं. माणसं अजून नीट दिसत नव्हती. पांढरे तुरे तेवढे हलताना दिसत होते, आणि तोरमोदला तेवढं पुरेसं होतं.

दुपार कलताना तोरिनवाले मोडले. कुरण आर्डलचं झालं.

तोरमोदने जल्लोष केला नाही. तो मेलेल्यांमध्ये फिरला. जिथे जुनिपरची डहाळी दिसेल तिथे वाकला, मान वळवून चेहरा पाहिला. फिंगनचा भाऊ निघाला. सरदाराचा पुतण्या निघाला. ईवर कुठेच नव्हता. शेवटचा चेहरा पाहून झाल्यावर तो गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आनंदाने.

ढिगाजवळ बायका उभ्या होत्या. परतलेले एकेक करून आपापला दगड उचलत होते. गारगोटी अजून तिथेच होती आणि बेहाग तिच्याकडे टक लावून बसली होती.

"जिवंत आहे," तोरमोद लांबूनच ओरडला. "आपल्या एकेका मेलेल्याचं तोंड पाहिलंय मी. त्यांच्यात नाही तो."

"मग आहे कुठे?"

"पोरं तोरिनवाल्यांची गुरं हाकायला गेलीत ना, त्यांच्याबरोबर असेल. उद्या येईल दोन गाई घेऊन आणि वर रुबाब करेल."

बेहागने डोळे मिटले. मग तिने नवऱ्याचा हात धरला, चारचौघांत, आणि गालाशी लावला. असं तिने लग्नानंतर कधी केलं नव्हतं. तोरमोदला एकदम हलकं वाटलं आणि त्याची जीभ सुटली.

"शेवटचा एक तर भलताच येडा निघाला. सगळे तोरिनवाले डोंगराकडे पळतायत आणि हा एकटा आमच्याचकडे धावत येतोय. वर हात हलवतोय! फिंगन म्हणाला, वाट चुकलं बिचारं. मी म्हटलं, थांब, दाखवतो वाट. एका बाणात आडवा केला."

गालावरचा हात बेहागने हळूच खाली ठेवला.

"हात हलवत होता?"

"हो ना. ओरडतही होता काहीतरी. त्या गलक्यात कुणाला ऐकू येतंय?"

"त्याचं तोंड पाहिलंस?"

"त्यांच्या मेलेल्यांना आपण कशाला हात लावायचा? उद्या येतील की त्यांच्या बायका, नेतील उचलून."

बेहागने ढिगावरची गारगोटी उचलली आणि दोन्ही हातांत घट्ट धरली.

"त्याच्या टोपीच्या अस्तरात मी पांढरा तुरा शिवला होता," ती म्हणाली. "म्हटलं, त्यांच्यात अडकलास तर हा वर लाव, आणि थेट बापाकडे धावत ये."