तिसऱ्या ठोशाला पडणारा माणूस

तिसरा ठोसा बसला आणि भाऊजी ठरल्याप्रमाणे आडवे झाले.

अंगावर जाड फोमचा सूट, डोक्याला जाळीचं हेल्मेट. पडले की रबरी गाद्यांवर धान्याचं पोतं टाकल्यासारखा आवाज व्हायचा. स्वसंरक्षणाचा वर्ग घेणाऱ्या ताईंचे ते दीर, म्हणून सगळ्याच बायका त्यांना भाऊजी म्हणत. आठवड्यातून चार दुपारी मार खायचा आणि तिसऱ्या ठोशाला पडायचं, एवढंच त्यांचं काम.

"झकास," मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या ताई म्हणाल्या. "परत एकदा घेऊ. आणि सुईवाली, दंड जरा इकडे वळव की. आठ महिने घाम गाळलास, दिसू दे लोकांना."

ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, म्हणून वर्गात तिचं नाव सुईवाली पडलं होतं. दाराबाहेरच्या फलकावर तिचेच दोन फोटो होते. आधी आणि नंतर. आधीच्या फोटोत ती काडीसारखी होती आणि डावा हात झोळीत होता. गळ्याखालचं हाड नवऱ्याने मोडलं होतं. नंतरच्या फोटोतले दंड बघून रस्त्यावरच्या बायका आत चौकशीला येत.

"ताई, मला चारला पोचायचंय तिकडे."

"माहितेय गं. नवऱ्याकडून लेकीला आणायचंय ना. दादाला नेतेयस बरोबर?"

"आई तेच म्हणतेय. मी म्हटलं, एकटी जाईन."

"बरोबर आहे," भिंतीशी बुटांच्या नाड्या बांधणारी एक बाई म्हणाली. "आता सोबत कुणी लागलंच तर ते तुझ्या नवऱ्याला."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. ती भाऊजींच्या शेजारी उकिडवी बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊजी, या वेळी पडू नका."

"म्हणजे?"

"धरा मला. खाली दाबा. सुटले तर सुटले."

भाऊजींनी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "बरं. दोनदा गादीवर हात आपटा, लगेच सोडतो."

"नाही आपटणार. तिकडे आपटला तरी सोडत नाहीत."

भाऊजी उठले. तिने पहिला ठोसा हेल्मेटवर मारला, दुसरा बरगडीत, तिसरा परत हेल्मेटवर. जाळीने तिची बोटं सोलली. भाऊजी उभेच. मग त्यांनी तिच्या मानेभोवती हात टाकला, पाय अडकवला आणि तिच्यासकट खाली आले. पाठ आपटली तेव्हा तिच्या छातीतली सगळी हवा एकदम बाहेर पडली.

वर्गात शिकलेलं सगळं तिने केलं. कंबर उचलली, कोपर घुसवलं, कुशीवर वळायचा प्रयत्न केला. सगळं अगदी व्हिडिओतल्यासारखं झालं. भाऊजी होते तिथेच राहिले. त्यांचा पुढचा हात तिच्या गळ्यावर आडवा आला.

"भाऊजी, पुरे," ताई म्हणाल्या. मोबाइल त्यांनी खाली ठेवला होता.

भाऊजींनी तिच्या हाताकडे पाहिलं. मूठ वळलेली होती, आपटत नव्हती. त्यांनी आणखी वजन टाकलं. ती चावली. दातांत फोम आला आणि स्वतःचाच ओठ फाटला. गुडघा मारला, तो सुटात रुतला. तिचा चेहरा जांभळा पडत चालला. टाचा गादीवर धडधडत होत्या, मग एकच टाच हलत राहिली.

ताईंनी सुटाची कॉलर धरून ओढायच्या आतच भाऊजी बाजूला झाले.

ती कुशीवर वळून खोकली, थुंकली. गादीवर लाल लाळ पडली. बुटांवाली पाणी घेऊन धावली.

"मनावर नको घेऊस," ताई म्हणाल्या. "त्यांना तुझे सगळे डाव तोंडपाठ आहेत. म्हणून गं."

तिचं लक्ष भाऊजींकडे होतं. त्यांनी हेल्मेट काढलं, पाठीची चेन उघडून सुटातून एकेक हात बाहेर घेतला. आतून निघाला तो भिजलेल्या बनियनमधला किडकिडीत माणूस. बरगड्या मोजून घ्याव्यात.

"भाऊजी, वजन किती तुमचं?"

"छप्पन्न," भाऊजी खाली बघत म्हणाले. "उन्हाळ्यात पंचावन्न."

"त्याचं ब्याण्णव आहे."

बुटांवालीने ग्लास तिच्या ओठांना लावला.

"ताई, माझ्या फोनवरून दादाला लावा," पाणी गिळून ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "म्हणावं, गाडी घेऊन ये. आणि येताना पोलीस चौकीत सांगून कुणालातरी बरोबर घे. लाजू नकोस म्हणावं, मी सांगितलंय."

ताई कोपऱ्यात जाऊन बोलल्या आणि परत आल्या. "निघतोय. साडेतीनपर्यंत येईल."

भिंतीवर पावणेतीन वाजले होते. तिने बाहीला तोंड पुसलं, सरकत सरकत गाद्यांच्या मधोमध गेली आणि पाठीवर झोपली.

"या, भाऊजी."

"अहो, आत्ता कुठे श्वास..."

"या."

त्यांनी वहिनीकडे पाहिलं. ताई गादीवरून बाजूला सरकल्या. भाऊजी सूट उचलायला वाकले.

"तो नको," ती म्हणाली. "आठ महिने फोमलाच मारतेय, आत माणूस कुठे असतो ते माझ्या हाताला अजून माहीत नाही."