सगळी चूक माझी

"गोलकीपर झोपला होता! आणि तो कप्तान पळतो कसला, कपाट सरकवल्यासारखा सरकतो! सांग त्यांना!" ग्रिगोरी रशियन भाषेत गरजला.

दुभाषा चंद्रहास उठला, कमरेत वाकला आणि गोड जपानीत म्हणाला, "ग्रिगोरी-सान म्हणतात, सगळी चूक माझी."

त्र्याण्णव साल. जपानमधल्या कोबेच्या त्या कंपनीच्या फुटबॉल संघात सामना हरला की चुका कबूल करायची बैठक व्हायची. एकेकाने उठायचं, आपली चूक सांगायची, वाकायचं. की विषय संपला, अशी तिथली रीत. बसच्या ड्रायव्हरनेसुद्धा ब्रेक जोरात दाबल्याचं कबूल केलं होतं. पण ग्रिगोरी कबूल करेल तर शपथ! सोव्हिएत काळातला हा नामांकित बचावपटू. त्याच्या देशात बैठकीत चूक मान्य करणारा दुसऱ्या दिवशी संघात नसायचा. आता तो देशच उरला नव्हता, गुडघे कुरकुरत होते, आणि हा करार गेला तर पुढे कुत्रंही विचारणार नव्हतं.

"अरे, एवढा कसला माज? एक वाक्य म्हणायला जीभ झडते का तुझी?" चंद्रहास त्याला विचारायचा. तो गेला की चंद्रहासचीही नोकरी गेली. म्हणून पुण्यात रशियन शिकलेला हा शहाणा वर्षभर त्याच्या नावाने नाक घासत होता. आणि गंमत म्हणजे ते खपत होतं! 'केवढा नम्र माणूस!' म्हणून साहेबलोक गहिवरायचे.

हंगामाची शेवटची बैठक. करारांचा निर्णय आजच होता. व्यवस्थापक मोरीता-सान समोर बसले होते. चंद्रहास सवयीने उठला, तेवढ्यात ग्रिगोरीने खांदा धरून त्याला खाली बसवलं आणि चक्क जपानीत बोलू लागला. मोडकंतोडकं, पण सगळ्यांना कळेल असं.

"मी एकही चूक कबूल केली नाही. सगळ्या ह्यानेच कबूल केल्या, माझ्या नावाने. आमच्याकडेही असंच असायचं, कबुली आपली, शब्द दुसऱ्याचे. मला केव्हाच कळलं होतं. करार हवा होता, म्हणून गप्प बसलो. ही मात्र चूक माझी."

तो कमरेत वाकला. मोरीता-सानांचे डोळे भरून आले.

"हा दुभाषा मी नेमला. चूक माझी," म्हणत तेही वाकले.

मग सगळी खोली चंद्रहासकडे बघू लागली. कुणी रागावलेलं नव्हतं. वर्षभर तोंडपाठ असलेलं ते वाक्य एकदा म्हटलं की त्याचाही विषय संपणार होता.

चंद्रहास उठला. घसा खाकरला.

"तसं पाहिलं तर," तो म्हणाला, "ह्यात माझं काय चुकलं?"