अव्वाची सोय

वडील गेल्यावर अव्वा सोलापुरात एकटी पडली. आईनं आता कुठल्या शहरात राहावं हे ठरवायला दोन्ही लेक नोकरीच्या गावाहून आले होते.

"पुणंच बरं," थोरला मल्लप्पा म्हणाला. "हवा लई चांगली, भाडं कमी, दूध स्वस्त."

"खर्च जास्त असंना, पण मुंबईत घरात नळ हाय, विजेचा दिवा हाय," धाकट्या चन्नप्पानं ठासून सांगितलं. "अव्वाला सुख तितंच."

दोघांना बांधून द्यायची शेंगाची चटणी कुटत अव्वा सगळं ऐकत होती. तिनं मुसळ बाजूला ठेवलं.

"मल्लप्पा, पुणं एवढं चांगलं, तर तू मुंबईत कशाला ऱ्हातोस? आन् चन्नप्पा, तू पुण्यात कशाला कुजतोस? दोगं बिऱ्हाडं बदलून घ्या की. मी हाय हितंच बरी."