डाव्या हाताचा नळ

“साबण आहे का?” बाईंनी विचारलं.

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. नळ, पाइप, कड्या, बिजागऱ्या विकण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. साबण मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. “बाई, साबण पलीकडे, किराण्याच्या दुकानात.”

“मग तुम्ही हात कशाने धुता?”

दुकानदार मागच्या मोरीतून झिजलेली वडी आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. बाईंनी उजवा हात पाठीमागे नेला, डाव्या हाताला चांगला फेस केला आणि काउंटरवरच्या पहिल्या नळाची चकचकीत गोल मूठ धरली. हात गोल फिरला. मूठ जागच्या जागी.

शेजारी प्लंबर डोकं खाजवत उभा होता. शाळेत बाईंच्या गणितात तो दोनदा गटांगळ्या खाऊन वर आला होता. आता मिशा पिकायला लागल्या, तरी बाईंसमोर त्याचा आवाज चढत नसे.

“बाई, स्टीलचा आहे. दिसायला एक नंबर. जन्मात गंजणार नाही.”

“बघायला नकोय मला. उघडायला हवाय.”

चूक प्लंबरचीच होती. बाईंचे यजमान त्याच शाळेत कसरतीचे सर होते. चार महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. आता कुठे काठी टेकत चालू लागले होते. गेल्या आठवड्यात प्लंबरने त्यांच्या न्हाणीघरात मोठ्या हौसेने असाच गोल मुठीचा नळ बसवला. सरांचा साबणाचा हात त्यावरून तीनदा घसरला. दारात उभ्या असलेल्या बाईंनी शेवटी आत हात घालून नळ सोडला. त्या दिवशी सर दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. बाईंना ते फार लागलं होतं. सरांना अंघोळ घालायचा त्यांना कंटाळा नव्हता, पण तसा दिवस त्यांना पुन्हा नको होता.

दुसऱ्या नळाची प्लास्टिकची दांडी फिरली, पण कुरकुरली. “गरम पाण्याने वर्षभरात मोडेल ही,” प्लंबर बोलून गेला, आणि दुकानदाराने त्याच्याकडे डोळे वटारले. तिसऱ्याला चाक होतं. बाईंनी फेरे मोजले. “चार फेरे! तोवर साबण डोळ्यांत जाईल.”

दुकानदार आता इरेला पेटला. स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरून धूळ खाल्लेला एक पितळी नळ काढला. दांडी चांगली वीतभर लांब. “डॉक्टर लोक कोपराने उघडतात, तो.”

बाईंनी डावी मूठ मिटली आणि नुसत्या मुठीने दांडी ढकलली. पाव फेऱ्यात नळ उघडला. कोपराने ढकलली. बंद झाला.

“हा द्या.”

“बाई, हा दवाखान्यातला वाटतो. घरात कसा दिसेल?”

“नळासारखा दिसेल.”

मग पाइप. लोखंडी नको, क्षाराचं पाणी त्याला चार वर्षांत आतून बुजवून टाकतं. साधा पांढरा नको, गरम पाण्याने पोक काढतो. गरम पाण्याचाच तो पिवळट, जाड पाइप ठरला. नळाची उंचीही बाईंनी चिठ्ठीवर लिहून आणली होती. शर्ट शिवायचा आहे असं खोटं सांगून त्यांनी सरांचं खांद्यापर्यंतचं माप घेतलं होतं.

प्लंबरने आवाज खाली आणला. “बाई, एक सांगू? गरम पाण्याच्या लाइनला बाहेर, दाराजवळ, एक व्हॉल्व्ह टाकतो. आत काही कमी-जास्त झालं, तर तुम्ही बाहेरूनच पाणी बंद करायचं. सरांना कळणारसुद्धा नाही.”

दुकानदाराने लगेच व्हॉल्व्ह पुढे केला. चार महिने हीच तर भीती बाईंना खात होती. त्यांनी व्हॉल्व्ह हातात घेतला. फार सुरेख फिरत होता, एका बोटाने. दोनदा उघडला, दोनदा बंद केला आणि काउंटरवर ठेवून दिला.

“नको. गीझर चाळीस अंशांच्या वर जात नाही, मी तसा लावून ठेवलाय. दुरुस्तीसाठी गच्चीवर कॉक आहेच.”

“पण सर आत पडले तर?”

“हाक मारतील.”

“सर? हाक मारतील?” प्लंबर सरांना ओळखून होता.

बाईंनी डावा हात रुमालाला खसखसून पुसला. “चार महिन्यांत मारली नाही, खरंय. मारणार कशी? मी कायम दारातच उभी! आता स्वयंपाकघरात बसेन. तिथवर आवाज येतो. आत रेडिओ लावून बघितलंय मी.”

दुकानदार नळ कागदात गुंडाळू लागला.

“आणि एक कडी दाखवा,” बाई म्हणाल्या. “न्हाणीघराच्या दाराला, आतून लावायची. डाव्या हाताने लागेल अशी.”