नेमका फोकस

नव्या कॅमेऱ्यात पक्ष्यांच्या फोटोंसाठी कोणतं सेटिंग ठेवावं, यावर मी आठवडाभर डोक्याचा भुगा करून घेतला. शेवटी सापडलं. ते लावलं की कॅमेरा पक्ष्याचा डोळा शोधतो आणि तिथेच फोकस धरतो, माणसांकडे ढुंकूनही बघत नाही. रविवारी सासुरवाडीच्या गच्चीत मान अवघडेपर्यंत बसलो, पण एक चिमणी फिरकेल तर शपथ!

तेवढ्यात सगळे वर आले. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तो कॅमेरा गळ्यात नुसता मिरवताय, तर आमचा एक फोटो तरी काढा."

मी घाईघाईत काढला.

फोटोत सासरे, मेहुणा, माझी बायको, सगळे धुक्यात हरवल्यासारखे. एकट्या सासूबाई लख्ख! त्यांच्या घाऱ्या डोळ्यांची पापणीन् पापणी मोजून घ्यावी.

"बघा, यंत्रालासुद्धा माणूस कळतो," त्या खुलल्या. "हा मोठा करून हॉलमध्ये लावा. आणि ते सेटिंग अजिबात बदलू नका हं! काय म्हणतात हो त्याला?"

बायकोने डोळे वटारले.



मी म्हणालो, "विहंगम, आई."